हिने दूध सोडलं होतं

माझ्या बायकोच्या विसरण्याबद्दल मी मुलांना जे सांगत आलो, ते खरं नव्हतं.

अमेरिकेत शॉमबर्गला राहत असताना माझं हार्टचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडावं म्हणून तिने नवस केला आणि दूध, दही, ताक, तूप कायमचं सोडलं. अंडं-मांस आमच्या घरात कधीच नव्हतं. ती कोरा चहा पिऊ लागली. मला ते आवडलं, हे कबूल करतो. कोणी जेवायला आलं की मी मुद्दाम सांगायचो, "माझ्यासाठी दूध सोडलंय हिने." "काका, नशीबवान आहात," असं कोणीतरी म्हणायचंच.

चार-पाच वर्षांनी ती गॅस बंद करायला विसरू लागली. पायांना मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी विचारलं, दूध-दही घेता का? तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "रोज." नवस वगैरे त्यांना सांगायची लाज वाटली. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ताटात काय नाही, हे मी रोज बघत होतो.

मग मी ते वयावर ढकललं. मुलांना म्हणालो, "आजीचंही असंच झालं होतं." आजी, म्हणजे हिची आई, नव्वदीत चार नावं विसरायची, एवढंच. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह, आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांना दूध-दह्यातूनच मिळणारं जीवनसत्त्व, जवळजवळ नव्हतंच. इंजेक्शनं सुरू झाल्यावर ती थोडी सावरली, पण गेलेलं सगळं परत आलं नाही. इंजेक्शनं अशक्तपणाची आहेत, असं मी मुलांना सांगितलं.

आता ती नाही. मी प्लेनोला मुलीकडे असतो. मागच्या आठवड्यात मुलगी मेमरी क्लिनिकचा फॉर्म भरत होती. बावन्न वर्षांची आहे.

"पासवर्ड विसरले तरी वाटतं, झालं सुरू, बाबा. आधी आजी, मग आई, आता मी."

मी सगळं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"माझ्या मुलांनाही मी हेच सांगून ठेवलंय. आपल्या घरातच आहे म्हणून."

"माहीत आहे."

"आणि आई काहीच बोलली नाही?"

"मी बोलू दिलं नाही."

तिने फॉर्मवरच्या आजी आणि आईच्या आजाराच्या दोन ओळी खोडल्या. "अपॉइंटमेंट कॅन्सल करत नाहीये. बी-ट्वेल्व्ह पण बघायला सांगते. तुम्ही बरोबर यायचं. आईचं काय झालं ते तिथे तुम्ही सांगायचं, मी नाही."

गुरुवारी सकाळी जायचं आहे. नवस इंग्रजीत कसा समजवायचा, ते अजून सुचलेलं नाही. तिने दूध सोडलं होतं आणि मला ते माहीत होतं, एवढं मात्र सांगता येईल.