नळावर सांगितलेला आजार

डॉक्टरबाईंनी केसपेपर उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने दोन आकृत्या काढल्या. एक गोल, एक वाकडी.

"रक्तात अशा गोल पेशी असतात. बारीक शिरांतून त्या घरंगळत जातात. तुमच्या मुलीच्या पेशी अशा वाकतात, विळ्यासारख्या. मग त्या अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे दुखतं. याला सिकल सेल म्हणतात."

माय, बाबा आणि मी उभे होतो. माझी धाकटी बहीण कुंदा, सात वर्षांची, बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"कधी बरं होईन?" मायने विचारलं.

"हे बरं होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सांभाळता येतं."

कुंदाला जाऊन आता वर्ष होत आलं. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आमच्या वेळी असं काही वाचायला मिळालं असतं तर आम्ही काही चुका केल्या नसत्या.

पहिली चूक अशी, की आम्ही लक्षणं वेगवेगळी मोजली. कुंदा पाळण्यातून नुकती उतरली होती तेव्हा तिच्या हातापायांचे पंजे सुजले. पुढे डोळे पिवळे झाले, तेव्हा गावाकडच्या एका माणसाने तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली. मग गुडघे दुखायला लागले, पाठ दुखायला लागली. शेजारणी म्हणत, हाडं वाढून राहिली पोट्टीची. कुंदा म्हणायची, "माय, माह्या हाडात कोनी मुसळ घालून राहिलं." आम्ही तिला तेल लावायचो. हा सगळा एकच आजार आहे, हे सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नव्हतं.

सरकारी मोठ्या दवाखान्यात तिची इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी झाली. रक्तातला लाल पदार्थ विजेच्या प्रवाहाने वेगळा करून पाहतात. मग माय-बाबांचंही रक्त घेतलं. दोघेही कॅरियर निघाले. कॅरियर म्हणजे वाहक. त्यांना स्वतःला त्रास नसतो, पण दोघांकडून हा दोष मुलात उतरला तर ते मूल आजारी होतं. बाबांनी हे ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. माय मात्र डॉक्टरबाईंचा एकेक शब्द ऐकत होती. उन्हात न्यायचं नाही. थंडीत भिजू द्यायचं नाही. ताप आला की थांबायचं नाही. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज द्यायची, त्याने नवीन रक्त तयार व्हायला मदत होते. आणि पाणी. सारखं पाणी पाजायचं. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात.

बाहेरच्या व्हरांड्यात आल्यावर मायने मला बाजूला घेतलं.

"शोभा, हे कोनाले सांगायचं नाही. तुयं लगन हाये."

माझं लग्न काटोलकडच्या एका घरी ठरत आलं होतं. मुलगा संत्रा बाजारात अडत्याकडे कामाला होता. दोनदा पाहणं झालं होतं, सुपारी फुटायची बाकी होती. घरात रक्ताचा आजार आहे हे कळलं असतं तर त्या लोकांनी पाऊल मागे घेतलं असतं, हे मलाही समजत होतं.

आम्ही नागपुरात सक्करदऱ्याच्या पलीकडे, नाल्याच्या काठाने वसलेल्या वस्तीत राहत होतो. कवेलूची, म्हणजे कौलांची, आणि बांबूच्या तट्ट्यांची घरं. आमच्यासारखे काटोलकडून आलेले, बालाघाटचे, छत्तीसगडचे. बाबा गिरणीत होते. माय आणि वस्तीतल्या बहुतेक बाया रेजा होत्या, म्हणजे इमारतींच्या कामावर विटा आणि कालवलेला गारा वाहायच्या. सगळ्या वस्तीला एक नळ. सकाळी थोडा वेळ पाणी यायचं. नियम कडक होता. दर घरामागे दोन गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, भरायचे आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जायचं. दुसऱ्यांदा नंबर येईपर्यंत नळ बहुधा गेलेला असायचा.

नागपूरचा मे महिना ज्यांनी तट्ट्याच्या घरात काढला आहे त्यांना दोन गुंड म्हणजे काय हे सांगायला नको. आम्ही तिघं कमी प्यायचो. माय कामावर पिऊन यायची, बाबा गिरणीत. तरी पुरत नव्हतं. त्या उन्हाळ्यात कुंदाला पहिला मोठा क्रायसिस आला. पेशी एकदम अनेक ठिकाणी अडकून जी असह्य दुखण्याची लाट येते, तिला डॉक्टर क्रायसिस म्हणतात. आठवडाभर तिला वॉर्डात सलाईन लावून ठेवलं. घरी सोडताना डॉक्टरबाई मायवर चिडल्या.

"मी इथे सलाईन देईन. पण घरी पाणी तुम्हालाच पाजायचं आहे. परत अशी आणलीत तर मला सांगता येणार नाही काय होईल."

मायने मान हलवली. तिने कारण सांगितलं नाही. सांगून डॉक्टरबाई तरी नळ कुठून आणणार होत्या?

काही दिवसांनी कुंदाचे पाय पुन्हा दुखायला लागले. ओठ सुकलेले, डोळे हळदीसारखे. सकाळी नळावर मायने दोन गुंड भरले, घरी रिकामे केले आणि परत जाऊन सरळ रांगेच्या पुढे उभी राहिली. तिच्यामागे मी बादली घेऊन होते.

फुलबासन पुढे आली. छत्तीसगडची, उंच, कामावर एका वेळी डोक्यावर सगळ्यांत जास्त विटा नेणारी. नळावर तिचा शब्द चालायचा. तिने मायचा गुंड पायाने बाजूला सरकवला.

"लाइन में लगो, मनकरणाबाई. तेरी बेटी रानी है, और हमारे बच्चे कोयला?"

मागून हसू आलं. कोणीतरी म्हणालं, "पोट्टीचं लगन हाये ना काटोलात, म्हनून आतापासूनच पाहुन्यांसाठी भरून राहिली."

मायने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती वळली.

"माह्या कुंदीले सिकल हाये," ती म्हणाली. "रक्ताची बिमारी हाये. माह्याकडून आली, तिच्या बाबाकडूनही आली. पाणी कमी पडलं का तिचं रक्त हाडात अडकते. मांगं दवाखान्यात होती ते ताप नव्हता, हेच होतं. म्या खोटं सांगतलं तुम्हाले. दोन गुंडात तिचं होत नाही वं. मले आधी भरू द्या."

नळ तसाच वाहत होता. कोणाचाही गुंड खाली नव्हता. एरवी पाण्याची एक धार फुकट गेली तर त्या बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. फुलबासनने खाली वाकून मायचा गुंड उचलला आणि स्वतःच्या हाताने नळाखाली ठेवला.

संध्याकाळी ती आमच्या दारात आली. कडेवर तिचा मुलगा होता. तिने त्याचा पंजा धरून मायच्या पुढे केला.

"इसके हाथ भी सूजते. आँख भी पीली. ये भी वही है क्या?"

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या, एक बालाघाटची, एक आमच्याच गावाकडची. आतापर्यंत आम्ही सगळ्या शेजारी शेजारी बसून आपापल्या पोरांना आपापली माळ घालत होतो.

मायने ठरवलं, सगळ्यांना दवाखान्यात न्यायचं. एक दिवसाचा खाडा पडणार होता आणि मुकादम ओरडणार होता. माय म्हणाली, "ओरडू द्या. त्याच्या पोराचे हात सुजले असते तं तो सगळ्यात पुढं असता." बाया पोरं घेऊन निघाल्या. दवाखान्यातही त्या नकळत नळावरच्याच क्रमाने उभ्या राहिल्या. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या. नळावर काय झालं ते मी त्यांना सांगितलं.

"मनकरणाबाई, अख्खा नळ उचलून आणला की काय?"

"नळ तिथंच हाये बाई," माय म्हणाली. "पाणी गेलं म्हनून आम्ही इकडं आलो."

डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी त्या सांगत गेल्या आणि मी बायांना समजेल अशा बोलीत सांगत गेले. माझंही रक्त तपासलं. मी कॅरियर होते.

त्यानंतर नळावर नियम बदलला. फुलबासनने तो ठरवला आणि तिच्याशी भांडायची कुणाची छाती नव्हती. ज्या घरात सिकल, त्या घराचं पाणी आधी, आणि लागेल तेवढं. मला सर्वांत अभिमान वाटतो तो एका गोष्टीचा. वस्तीत एक घर असं होतं की ज्याने कधीच तोंड उघडलं नाही. त्यांच्या मुलीचे डोळे पिवळे होते, पण तिच्याही मोठ्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. त्या घरची बाई रांगेत आली की पुढच्या बाया उगाच पदर सावरायच्या, लेकराला हाक मारायच्या, गुंड घासायला बसायच्या. तिचा नंबर आपोआप पुढे यायचा. कुणी तिला काही विचारलं नाही. हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

काटोलची माणसं महिनाभरात आली. मुलाचे वडील आणि चुलते. चहा झाला. वडील म्हणाले, "पोरगी गुनाची हाये, आमचं तिच्याबद्दल काही म्हननं नाही. पन घरात असं रक्त..."

"बरोबर हाये भाऊ तुमचं," माय म्हणाली. "पन पोराचं लगन दुसरीकडं करान तं त्याचं रक्त आधी तपासून घ्या. शोभाचंच वाईट असन असं नाही."

चुलते ताडकन उठले. कप तसाच राहिला.

ते गेल्यावर माय चुलीजवळ बसली. "शोभा, तुयं लगन म्या मोडलं."

"मोडू दे वं माय. तू बोलली नसती तं कुंदा मोडली असती."

हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. मी पुढे शिक्षिका झाले. बऱ्याच वर्षांनी शाळेतल्याच एका शिक्षकांनी विचारलं, तेव्हा मी आधी रक्ताचं सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी रजा टाकून तपासणीला गेले. वाहक नव्हते. आमचा संसार चालू आहे.

कुंदा सातवीपर्यंत शाळेत गेली, कधी महिना सलग, कधी नुसती परीक्षेपुरती. मग तिने घरासमोरच्या ओट्यावर बालवाडी चालवली. दिवाळीनंतर धान कापून छत्तीसगडहून नवी कुटुंबं कामाला यायची, त्यांच्या तट्ट्यांत ती जायची, लेकरांचे पंजे बघायची, डोळे बघायची. "याचे हात सुजतात का?" एवढंच विचारायची. तिला स्वतःला वर्षातून दोन-तीनदा वॉर्डात जावं लागे. शिरा सापडत नसत. नवी सिस्टर सुई घेऊन आली की कुंदा सांगायची, "त्या हातात नका टोचू, सिस्टर, तो हात संपावर हाये. याच्याशी बोलून पाहा." दुखणं वाढलं की ती बोलणं बंद करायची. मग मी नुसती शेजारी बसायचे. बोलून दुखणं कमी होत नाही. नव्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

ती चोवीस वर्षांची झाली. डॉक्टरबाई, त्याही आता पिकल्या होत्या, एकदा मला म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मला वाटलं होतं ही दहाची होणार नाही."

जानेवारीच्या थंडीत तिला ताप आला, मग खोकला, मग दम लागायला लागला. छातीतला क्रायसिस, म्हणजे फुप्फुसातच पेशी अडकणं, सर्वांत वाईट असतो. आम्ही उशीर केला नव्हता. ऑक्सिजन होता, रक्त चढवलं होतं. सकाळचा राउंड चालू असताना ती गेली. डॉक्टरबाईंनी मायच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांची ऋणी आहे.

घरात सुतक होतं. माय भिंतीला टेकून बसलेली असायची. आत्या येऊन राहिली होती. एके दुपारी गल्लीतून एका बाईचा आवाज आला. छत्तीसगडची, नवीनच आलेली असावी.

"अवो बाई, सिकलवाली दीदी किधर रैती? मेरे बच्चे को सिकल है! बुखार चढा है!"

भर गल्लीत, भाजीचा भाव विचारावा तशी ती विचारत होती. मग माय उठली. दारात जाऊन तिने त्या पोराचं कपाळ पाहिलं, पापणी ओढून डोळा पाहिला आणि कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या.

आत्या म्हणाली, "अवं मनकरणा, सुतक हाये घरात! तेरवी तं होऊ दे."

"तेरवीपर्यंत याचा ताप थांबन का?" माय म्हणाली आणि पोराला कडेवर घेतलं.

मी त्यांच्याबरोबर गेले. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर गर्दी होती. कारकून नवा होता. त्याने मान वर न करता विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

त्या पोराची आई मायकडे बघू लागली.

"आम्ही सिकलवाले," माय म्हणाली. मागची रांग ऐकेल एवढ्या मोठ्याने.