अर्धी पोळी आणि पहिला उंदीर

मेल्यावरही तू माझ्या आईला सोडलं नाही, सुम्या.

आज तुझा जलदान विधी झाला. मी इकडे मस्कतला, साइटवर, एका कोपऱ्यात उभा राहून व्हिडिओ कॉलवर पाहत होतो.

पाणी सोडताना घरचे लोक तांब्याला हात लावतात. तुझ्या आईनं माझ्या आईचा हात ओढला आणि आपल्या हातावर ठेवला.

घरच्यांतच धरलं तिला.

आणि माझी आई अशी रडली की काय सांगू. मी परदेशात निघालो तेव्हा एवढी रडली नव्हती. बॅग नीट धर म्हणाली होती फक्त.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉ. सुमेध म्हणजे प्रताप नगरात आमच्या शेजारच्या घरातला. हार्मोन आणि लठ्ठपणावर रिसर्च करणारा सायंटिस्ट. मागच्या आठवड्यात हैदराबादला हार्टनं गेला. तिशी नुकतीच ओलांडली होती.

मी त्याच्याच वयाचा. नववी नापास. एसीचं काम करतो. सुरत झालं, पुणे झालं, आता मस्कत. एका जागी टिकत नाही.

काही जण कमेंटमध्ये लिहून राहिले, लठ्ठपणावर रिसर्च करून स्वतः जाडच राहिला म्हणून.

थांबा जरा. त्याला जाड्या म्हणायचा हक्क माझा एकट्याचा आहे.

सुम्या, तुझी आई रामदासपेठेत दवाखान्यात नर्स. दिवसभर ड्युटी. म्हणून शाळेतून आलं की तू आमच्याकडे जेवायचा.

डॉक्टरनं तुझं खाणं बांधून दिलं होतं. तुझी आई माझ्या आईला रोज बजावून जायची, "दोनच पोळ्या देजो वं याले. रडला तरी दोनच."

माझी आई शब्दाची पक्की. दोनच द्यायची.

मी तेव्हापासून चिपाड. अर्धी पोळी ताटात ठेवून उठायचो. आई ती उचलायची, तुझ्या ताटात टाकायची आणि मोठ्यानं म्हणायची, "अन्न वाया नाही जाऊ देत बाप्पा आपण. मी तर दोनच देल्या."

उष्ट्याचा हिशोब नसतो, हे तिचं गणित.

वर तुझ्या डोक्यावरून हात फिरवायची. मी नळावर हात धूत ते पाहायचो.

एकदा मी मुद्दाम सगळं संपवलं. तुला काही भेटू नये म्हणून. मग संध्याकाळभर पोट धरून लोळलो. तरी आई तुझ्याकडेच पाहून म्हणाली, "आज हे पोरगं उपाशी राहिलं."

तू शिकत गेला. पीएचडी, परदेश, लॅब. तुझा फोटो आला की आई फोन छातीशी धरायची.

माझाही फोटो पाठवायचो मी. ती विचारायची, "हेल्मेट काहून घातलं?"

मागच्या सुट्टीत मी घरी आलो, नेमका तूही आला. आईनं पाटवडीचा रस्सा केला. मी नेहमीसारखा अर्धी पोळी ठेवून उठायला लागलो. तू टक लावून पाहत होता.

"काहून पाहून राहिला बे?"

"अजूनबी अर्धी ठेवतो तू."

"पोट भरलं ना."

"कोणी सांगतलं तुले?"

"पोटानं."

"पोट एकटंच नाही सांगत बे. अंगातली चरबीबी सांगते. ती एक हार्मोन सोडते, लेप्टिन. ते रक्तातून मेंदूत जाते आन् म्हणते, साठा आहे, पुरे आता. तिथल्या पेशींवर ते ऐकणारे रिसेप्टर असतात. माझ्या रक्तात लेप्टिन तुझ्याहून किती तरी जास्त असंल. पण तिकडं ऐकूच जात नाही."

"म्हणजे रूम थंड झाली, पण सेन्सर मेला. कॉम्प्रेसर चालूच."

"जवळपास तसंच."

"मंग मेकॅनिक बोलाव."

"तेच शिकून राहिलो ना बे इतके वर्षं."

हसलो दोघंही. मग तू खाली पाहून म्हणाला, "लोकायले वाटते, मी जाडा होतो म्हणून याच्यात गेलो. तसं नाही. मी तुले पाहायचो. तू अर्ध्यावर उठायचा. समोर अन्न असताना माणूस थांबते कसा, हेच मले समजे ना. लई जळायचो मी तुझ्यावर."

"माझ्यावर?"

"माझ्या प्रयोगातला पहिला उंदीर तूच होय."

मला तेव्हाच सांगायचं होतं की मी कशासाठी जळायचो. तेवढ्यात आई आली, माझी अर्धी पोळी उचलली आणि तुझ्या ताटात टाकली. डॉक्टर झालेल्या माणसाच्या ताटात.

तू खाल्लीसुद्धा. मुकाट.

आज कॉल ठेवायच्या आधी मी आईला विचारलंच.

"माझ्यासाठी रडशील का एवढी?"

तिनं फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाली, "येडा झाला का? त्याले तुझ्या ताटातलं देल्लं, पण तुले कमी देल्लं का कधी? पोटभर वाढलं तवाच तं उरे तुझं."

खरं आहे तिचं. सगळं होतं तिथे, पहिल्यापासून.

मलाच कधी ऐकू गेलं नाही.

सुम्या, तू असता तर तुला विचारलं असतं, याचा रिसेप्टर कुठे असतो रे.

दुपारी मेसमध्ये बसलो. सवयीनं अर्धी पोळी ठेवून उठलो. हात धुतले. परत येऊन पाहिलं.

तशीच होती.

जयभीम, जाड्या. नीट जा.
ती अर्धी तुझीच होती. आईही थोडी तुझी, चल.