गफ्फारनं जोडलेली हिरवी तार

आर्णीचा गफ्फार वायरमन खिशाला पेन नाही, टेस्टर लावायचा. लग्नकार्यातसुद्धा. त्याची बायको सुग्राबी म्हणायची, निकाहच्या दिवशी यानं मलेही आधी टेस्टर लावून पाह्यलं असतं. हे ती कोणाजवळ बोलली, ते विचारू नका.

कापसानं हात दाखवल्यावर त्याच गावच्या हिरासिंगनं जुनी मॅटाडोर घेऊन तिचंच घर केलं. जत्रेजत्रेत बांगड्या विकायच्या, असा बेत. तोवर गाडी जुन्या घराच्या अंगणात अन् वीज त्या घरातून. जोडणी अर्थातच गफ्फारची. त्या घराची खांबावरची परतीची तार केव्हाच तुटलेली. गावच्या रिवाजानं खड्ड्यात सळई पुरून, तिच्यातूनच करंट मातीत सोडलेला. बल्ब मंदावला की हिरासिंगची बायको रामीबाई खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची. गफ्फारनं गाडीचा पत्रा हिरव्या तारेनं त्याच सळईला बांधला, अन् 'आता शॉकची बात नाही' म्हणत गावभर मिरवला.

भर उन्हाळ्यात एकदा तो कौतुक ऐकायला आला. कुत्र्यानं गाडीच्या पायरीला नाक लावलं अन् केकाटत पळालं. गफ्फारनं पत्र्याला टेस्टर टेकवला. पेटला.

हिरासिंग घराला कुलूप लावून बाजारात गेलेला. आत पंख्याचं बटण तसंच चालू. अन् रामीबाई धुण्याची बादली घेऊन गाडीच्या दारात, अनवाणी.

"भाभी, खाली पाय टाकू नका. दाराले हात लावू नका."

"काहून? करंट बसते का तुमच्या जोडणीले?"

गफ्फारनं ओसरीवरच्या बोर्डातून गाडीचा प्लग उपसून फेकला, पुन्हा टेस्टर लावला. तो पेटलेलाच. आता मात्र त्याच्या कानामागून घाम निघाला. बाईला थट्टा वाटत होती. तिचा एक पाय खाली लोंबू लागला होता.

त्याची नजर खड्ड्याकडे गेली. माती भेगाळलेली. रामीबाई गाडीत राहायला आली, तेव्हापासून तिथं पाणी कोण ओतणार? पंख्याच्या करंटला मातीत वाट नव्हती, म्हणून तो हिरव्या तारेनं गाडीच्या पत्र्यात चढला होता. गफ्फारच्याच तारेनं.

"पाय वर घ्या!" तो ओरडला, अन् पक्कडीनं तार तोडली.

टेस्टर विझला.

"उतरा आता."

रामीबाईनं बादली त्याच्या पायाशी उपडी केली. "चप्पल काढा. आधी तुम्ही हात लावा."

चिखलात अनवाणी उभं राहून गफ्फारनं डोळे मिटले अन् दार धरलं. काही झालं नाही. मग बाई उतरली.

गफ्फारनं खांबावरची परतीची तार जोडून घेऊन, गाडीला वेगळी सळई ठोकेपर्यंत तिनं त्याला चहा विचारला नाही, असं म्हणतात.