पीळ मॅडम

"माझोच हात चुकलो असतलो." काहीही बिघडलं की ती हेच म्हणायची. सोलकढी फाटली, खडू मोडला, दोष तिच्याच हाताचा. एकदा स्टाफरूममधला पंखा थांबला, तेव्हाही ती बटणाजवळ अपराधी चेहऱ्याने उभी. अख्ख्या मालवणची वीज गेली होती.

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. ती तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवायची. मुलं तिला 'पीळ मॅडम' म्हणत. ती पीळ मारायची म्हणून नव्हे हो! तिच्या पर्समध्ये कायम काथ्याची दोरी असे.

"ताई, हे धर," म्हणून तिने एकदा दोरीची दोन्ही टोकं मला घट्ट धरायला लावली. मग दोन पेडांच्या मध्ये पेन खुपसून पुढे सरकवलं. पेनाच्या पुढे पीळ आवळत गेला, मागे सैल पडला.

"डीएनएचं असंच. आरएनए पॉलिमरेज हे जनुक वाचणारं यंत्र. ते पुढे जातं तसा पुढचा पीळ आवळतो, मग ते अडतं. पण मागून दुसरं यंत्र आलं, तर ह्याच्या मागचा सैल पीळ आणि त्याच्या पुढचा आवळलेला, दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. दोघांचीही वाट सोपी होते."

हाच तिच्या पीएच.डी.चा विषय. सुट्टी लागली की ती आपल्या गावाहून, आरोंद्याहून, पलीकडे गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत जायची. ऐन काजूच्या दिवसांत आई बागेत एकटी. "पुरे झाला आता ह्या शिक्षाण," नातेवाईक म्हणत. आई मात्र काजू वेचत राहायची.

तिने जीवाणूंमधल्या एका जनुकाचं सुरुवातीचं दार बंद करून पाहिलं. नवी यंत्रं आत येणार नाहीत. आधी निघालेली मात्र आपल्या वेगाने शेवटाला पोचतील, असा तिचा अंदाज. पण ती यंत्रंही मंदावली; मागून येऊन पीळ सोडवणारं कुणी उरलं नव्हतं. तिचा विश्वासच बसेना. "माझोच हात चुकलो," म्हणत तिने तोच प्रयोग पुन्हा केला, पुन्हा केला. त्यातच वर्ष सरलं.

मग एका मधल्या सुट्टीत तिच्या मार्गदर्शकांचा फोन आला. परदेशातल्या कुणीतरी हेच शोधून छापलं होतं.

ती बाहेर गेली. मी घाबरले. थोड्या वेळाने ती खाज्याचा पुडा घेऊन आली आणि सगळ्यांना वाटू लागली.

"अगो, तुझा काम दुसऱ्यान छापल्यान, आणि तू खाजा वाटतंस?" भौतिकशास्त्राचे सर म्हणाले.

"सर, म्हणजे माझो हात बरोबर होतो!"

ती हसत होती. घंटा झाली, सगळे वर्गांवर गेले. मी वही विसरले म्हणून परत आले, तर ती बेसिनपाशी तोंड धूत होती. नळ बराच वेळ चालू राहिला. मी वही न घेताच वळले.

शेवटच्या तोंडी परीक्षेला मी तिच्या आईबरोबर गेले. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "हे आधीच छापून आलंय. मग यात तुमचं काय?"

आईने माझा दंड धरला. "काय विचारता गो तो? हिचा काय चुकला?"

"नाय ओ काकी. ऐका."

ती इंग्रजीतच म्हणाली, "सर, त्यांना माझं माहीत नव्हतं, मला त्यांचं माहीत नव्हतं. तरी दोघांचं उत्तर एकच आलं. म्हणजे ते खरं असणार. एकट्या माझ्या उत्तरावर मी तरी कुठे विश्वास ठेवला होता?"

परीक्षक हसले. आईला एक शब्द कळला नव्हता. पण ते हसलेले दिसताच तिने पदराने डोळे पुसले.

जूनमध्ये ती बंगळुरूला गेली, पुढच्या संशोधनाला. तिच्या जागी अजून कुणाला नेमलेलं नाही. तिच्या तासाला मुलं दंगा करतात, म्हणून मीच जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन बसते. "मॅडम, पीळ मॅडम कधी येतली?" मुलं विचारतात. मी त्यांना समास सोडवायला देते, आणि खिडकीबाहेर बघत बसते.