घरोघरची नीळ

पुण्याहून पहाटेच्या एसटीत बसले तेव्हा माझ्या अंगात माझा पांढरा शर्ट होता. त्याची ओळख आधी करून देते, कारण या प्रवासात माझ्यापेक्षा जास्त त्याच्यावरच बेतलं. कंपनीच्या कामासाठी मी वर्षभर पॅरिसला राहिले होते, तेव्हा तो घेतला. तिथल्या बायकांकडे बघून मी दोन गोष्टी शिकले. कपडे मोजके ठेवायचे, पण अंगाला नेमके बसणारे घ्यायचे आणि ते घालून बाहेर पडलं की त्यांच्याबद्दल कुणाला काही समजावून सांगत बसायचं नाही. दुसरी गोष्ट, ज्या ऋतूत जे चांगलं ते त्याच ऋतूत चवीनं भोगायचं. थंडीत रस्त्यावर भाजलेले चेस्टनट खायचे, वसंतात स्ट्रॉबेऱ्या, आणि जरा ऊन पडलं की फूटपाथवरच्या खुर्चीत एक कॉफी घेऊन तासभर नुसतं बसायचं. पुण्यात परतल्यावरही मी हे व्रत सोडलं नाही. मैत्रिणी मला ‘पॅरिसची पाटलीण’ म्हणत आणि मला ते मनातून आवडायचं.

सुजाता ही माझी कॉलेजातल्या वसतिगृहापासूनची मैत्रीण. ती बीडला बँकेत नोकरी करते. दरवर्षी ती मला चौदा एप्रिलच्या जयंतीला बोलवायची आणि दरवर्षी माझं काहीतरी आडवं यायचं. या वर्षी फोनवर म्हणाली, “औंदा दुष्काळ हाय, पाहुण्यांना बोलवू नये असा. तरी तू ये. आक्काला तुला बघायचंय.” आक्का म्हणजे तिची आई. मग मात्र मी निघाले.

नगर सुटलं आणि हिरवा रंग संपला. जामखेडच्या पुढे बालाघाटाचे डोंगर सुरू झाले, तेही उघडेबोडके. शेतं नांगरून ठेवलेली, ढेकळं उन्हात पांढुरकी पडलेली. रस्त्याने टँकर मात्र इतके भेटले की आमची एसटी टँकरांच्याच वरातीत शिरल्यासारखी वाटत होती. शेजारच्या बाई पाटोद्याच्या होत्या. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तुमच्याकडे नळाला पाणी रोज येतं का, हा. येतं म्हणताना मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

मांजरसुंब्याला गाडी जेवणासाठी थांबली. या फाट्यावर ढाब्यांची रांगच आहे. मी रबडी मागवली, आणि चवीनं खाण्याचं माझं व्रत तिथेच अंगाशी आलं, कारण पहिल्याच घासाला चमचा निसटला आणि रबडीचा हा एवढा डाग शर्टाच्या छातीवर. मी लगबगीने पाण्याच्या ड्रमकडे गेले. ढाब्याचे मालक गल्ल्यावरून उठून आले. चेहरा शांत, आवाजही शांत.

“प्यायला लागंल तेवढं घ्या बाई,” ते म्हणाले. “धुवायला न्हाई.”

मी मुकाट्याने तांब्याभर प्यायले आणि उन्हासाठी घेतलेल्या ओढणीखाली डाग झाकून घाट उतरले.

बीडच्या स्टँडवर सुजाता स्कूटर घेऊन उभी होती. खळ दिलेली कडक सुती साडी, केसांत मोगरा, कपाळावर घामाचा थेंब नाही. मी तिच्यापुढे चुरगळलेल्या कागदासारखी दिसत असणार. बिंदुसरेच्या पुलावरून जाताना खाली पाहिलं तर नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.

त्यांची वस्ती शहराच्या कडेला आहे. मध्यभागी बुद्धविहार, अंगणात पिंपळ, आणि त्याला लागून बायकांच्या शिलाई सहकारी संस्थेची पत्र्याची शेड. संस्थेचं नाव लांबलचक आहे, पण सगळे तिला ‘सोसायटी’च म्हणतात. शाळांचे गणवेश शिवायला ही सोसायटी सुरू झाली. आता टँकरचं पाणीही तीच वाटते, कारण बायकांचा एकमेकींवर विश्वास आहे आणि भांडण झालं तरी ते सोसायटीतच मिटतं. दुष्काळात शेतमजुरी बंद पडली तेव्हा अर्ध्या वस्तीची चूल या मशिनींवर पेटली, असं सुजाता मला अभिमानाने सांगत होती.

आक्का ओट्यावरच बसल्या होत्या. उंच, काटक, पांढरंशुभ्र लुगडं, नाकावर चष्मा. “जयभीम” झाल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, ओढणी अलगद बाजूला केली आणि डाग पाहिला. पॅरिसमध्येही माझी इतकी कडक तपासणी कुणी केली नव्हती. समोरच्या भिंतीवर कोट-टायमधली ती तसबीर होती, जी इथे प्रत्येक घरात दारातून पहिली दिसते. तिच्याकडे बोट करून आक्का म्हणाल्या, “असं राहायचं. कपडा एक असू द्या, पर कडक पाहिजे.” पॅरिसला जाऊन वर्षभरात मी जे शिकले, ते या घरात दोन पिढ्या भिंतीवर टांगलेलं होतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-धान्याचं मसाल्याचं पीठ लावून केलेली) होती. जेवता जेवता घरातला खरा घोर कळला. जयंतीच्या मिरवणुकीत या वस्तीच्या बायकांची एक रांग असते, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत, आणि रांगेच्या पुढे आक्का. सून म्हणून आल्या तेव्हापासून रांग एकदाही चुकलेली नाही. पण यंदा टँकरचं पाणी इतकं तुटपुंजं होतं की पांढरी लुगडी धुवायची कशात, हाच प्रश्न होता. काही जणी म्हणत होत्या, यंदा रंगीत साड्या नेसू, कुणाला कळतंय. आक्कांना ते मान्य नव्हतं.

“मोठ्या दुष्काळात मी खडी फोडायला होते,” त्या मला म्हणाल्या. “तवाबी जयंतीला पांढरंच नेसले. मळकं नेसून मी त्यांच्या फोटोपुढं उभी राहणार न्हाई. पांढरं न्हाई, तर मी घरात बसन.”

त्या हे चिडून बोलल्या नाहीत, म्हणूनच ते खरं वाटलं. सुजाताने माझ्याकडे पाहिलं. आई पुढे नसलेली रांग तिने जन्मात पाहिली नव्हती.

संध्याकाळी सुजाता मला रसवंतीवर घेऊन गेली. उसाचं दुर्भिक्ष होतं, तरी एक रसवंती कशीबशी चालू होती. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते, रस्त्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, आणि आम्ही आलं-लिंबू घातलेला रस घेऊन तासभर नुसत्या बसलो. येणारीजाणारी माणसं, गजरेवाली, निळे झेंडे घेऊन धावणारी पोरं. मी म्हटलं, “अगं, हे तर माझं पॅरिस.” सुजाता म्हणाली, “मग तिकडं एवढं तिकीट काढून काहून गेलतीस?”

तोड निघाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सोसायटीत. चंद्रकला नावाच्या सेक्रेटरी आहेत, आवाज असा की मशिनी थांबतात. त्यांनी ठरवून टाकलं की पाणी घरोघर थोडं थोडं वापरून कुणाचंच लुगडं निघणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक घराने एक घागर आणायची, सोसायटीच्या हौदात ओतायची आणि सगळ्यांची पांढरी एकदमच धुवायची. साबण सोसायटीचा. धुणं झालं की पाणी पिंपळाला. बायका घागरी घेऊन आल्या आणि प्रत्येकीने आपलं पाणी हौदात रिकामं केलं. प्यायच्या पाण्यातून काढलेली घागर होती ती, पण कुणाचा हात आखडला नाही. माझा डागाळलेला शर्टही सुजाताने त्यात टाकला.

साबणाचं बादल्यांत झालं, खळबळून झालं. मग हौदात उरलेलं पाणी निळीला घेतलं. पांढऱ्याला शेवटी नीळ देतात, म्हणजे पिवळेपणा जाऊन ते उजळतं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मी एक पाहिलं. प्रत्येक बाई आपलं लुगडं हौदात सोडताना पदराची गाठ सोडायची, चिमूटभर काहीतरी पाण्यात टाकायची आणि बाजूला व्हायची. मला वाटलं, जयंतीआधीची काही रीत असेल. मी भाविकपणे फोटोही काढला.

ती रीतच होती म्हणा. साबण सोसायटीचा असं चंद्रकलाबाईंनी सांगितलं होतं, निळीचं मात्र कुणीच काही बोललं नव्हतं. मग सामायिक कामाला रिकाम्या हाताने जायचं कसं, म्हणून प्रत्येक घराने आपापली नीळ आणली होती. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण एवढ्याशा गोष्टीत विचारायचं काय. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे शेवटी चंद्रकलाबाईंनी सोसायटीची नीळ टाकली, भरलेल्या हौदाच्या मापाने. हौद तर यंदा जेमतेम अर्धा होता.

पहिलं लुगडं वर आलं ते निळं. दुसरं त्याहून निळं. मी माझा शर्ट ओढून काढला, तर पॅरिसचा तो पांढराशुभ्र शर्ट आभाळाच्या रंगाचा झाला होता. रबडीचा डाग मात्र गेला होता.

मग एकेकीने कबूल केलं की माझीबी होती, माझीबी होती. एक तरुण सून रडायला लागली. चंद्रकलाबाई कपाळाला हात लावून हौदाच्या काठावर बसल्या. परत धुवायला पाणी नव्हतं, टँकर जयंतीच्या नंतर येणार होता. आणि आक्का कुणालाही न रागावता उठून घरी गेल्या.

लुगडी वाळत तरी घालायला हवी होती. आम्ही सगळ्यांनी मिळून विहाराच्या अंगणातल्या दोऱ्यांवर ती टाकली. तळाशी राहिलेली गर्द निळी, वरची फिकट, मधली मधल्या रंगाची, सगळी सरमिसळ. ती सरमिसळ माझ्या डोळ्यांना सोसवेना. दुःखाच्या प्रसंगीही मला वाकडी तसबीर सरळ करायची खोड आहे, तशातलाच प्रकार. मी एकेक लुगडं काढून रंगाप्रमाणे लावू लागले. गर्द आधी, मग जरा उतरतं, मग त्याहून, शेवटी जवळजवळ पांढरं. सुजाता माझ्या मदतीला आली, मग ती रडणारी सूनही. वारा सुटला तेव्हा अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा रंग उतरत गेलेला दिसला आणि बायका हातातलं काम सोडून बघत राहिल्या.

मागे वळून पाहिलं तर आक्का फाटकात उभ्या होत्या.

“हे कुणी लावलं?” त्यांनी विचारलं. सुजाताने माझ्याकडे बोट केलं. आक्का दोरीच्या कडेने सावकाश चालत गेल्या, फिकट टोकापासून गर्द टोकापर्यंत. मग सगळ्यांत गर्द लुगड्यावर हात ठेवला.

“हे मी नेसन,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी उद्या अशाच वळीनं उभं राहायचं. आन् कुणीबी खाली मान घालायची न्हाई.”

ते माझं पॅरिसचं तत्त्व होतं, पण त्यांच्या तोंडून आलं तेव्हा त्याचं वजन वेगळं होतं.

जयंतीच्या संध्याकाळी बीड मी ओळखलंच नसतं. रस्त्यारस्त्यावर कमानी, ठिकठिकाणी गार पाण्याचे माठ. कडक इस्त्रीचे सदरे घातलेले बाप, कोट घातलेली लहान मुलं, गजरे, नव्या चपला. दुष्काळ या माणसांच्या घरात होता, अंगावर त्यांनी तो येऊ दिला नव्हता. आमची रांग चौकात आली. पुढे आक्का, गर्द निळ्या, ताठ. त्यांच्या मागे रंग उतरत उतरत गेलेला. शेवटून दुसरी मी, निळ्या शर्टात. लोक बाजूला झाले, पोरं भिंतींवर चढून बघू लागली. मी पॅरिसच्या चांगल्या चांगल्या रस्त्यांवरून चालले आहे, पण कुठल्याच कपड्यांत इतकी ताठ मी कधी चालले नव्हते. मला रडू येत होतं आणि मी मान खाली घातली नाही.

दुसऱ्या वस्तीतल्या एक बाई गर्दीतून वाट काढत आक्कांजवळ आल्या. पदराला हात लावून पाहिला आणि विचारलं, असं लुगडं कुठं मिळालं. आक्का चालता चालताच म्हणाल्या, “आमच्या सोसायटीचं हाय.”

बाकी काही समजावून सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत मांजरसुंब्याला मी त्याच ढाब्यावर उतरले आणि चमचा नीट धरून रबडी खाल्ली. मालकांनी शर्टाकडे पाहिलं, ओळखीचं हसले. पुण्याला पोचल्यावर नळ सोडला तर पाणी धो-धो आलं, आणि शर्ट भिजवायला घेतलेला हात मी मागे घेतला. धुतला की रंग उतरणार. तो तसाच घडी करून ठेवला. पॅरिसहून आणलेल्या माझ्या वस्तूंत आता सगळ्यांत मोलाची वस्तू बीडची आहे.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये फोन आला. पाऊस चांगला झाला होता, टँकर बंद होते, हौद काठोकाठ भरला होता. मी सुजाताला म्हटलं, मग यंदा रांग पांढरी ना. तिने फोन आक्कांकडे दिला.

“पाणी लई हाय औंदा,” आक्का म्हणाल्या. “नीळ जास्त लागंल. तुमच्या घरची बी घेऊन या.”