बंधारा फोडला, मोटार जपली

निवृत्त झालो, पण नाल्यावरचं ते प्रकरण काही डोक्यातून जात नाही. वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावकऱ्यांनी पोत्यांत वाळू भरून नाल्यावर बंधारा घातला होता. एका सकाळी तो फोडलेला सापडला. पाणी वाहून गेलं आणि एका शेतकऱ्याची ऐन भरातली हळद कोरडी पडली.

खबर दिली त्याच्याच थोरल्या भावाने. नाल्यापलीकडच्या बौद्धवस्तीतल्या एका तरुणाचं नाव घेतलं. "फावडं घेऊन होता साहेब. म्या सोता पाह्यलं."

तरुण रोज पहाटे नाल्याकाठी धावायचा, त्यामुळे बुटांचे ठसे होतेच. पोलीस भरतीत त्याची निवड झालेली, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली. आई ठाण्यात येऊन हात जोडत होती, "माह्या लेकाचं वाटोळं करू नका, साहेब." तिने शिक्षा आधीच गृहीत धरली, याचा मला रागच आला. ठसे दिसले म्हणून उचलून आत टाकायला ठाणं म्हणजे काय कोंडवाडा आहे?

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. काठावर दोघा भावांची पाणी उपसायची सामाईक मोटार होती. वीज आली की आपोआप सुरू होणारी. पाणी नसताना फिरली असती तर जळालीच असती. मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडायला लावली. फ्यूज काढून आत नीट ठेवलेले. पेटीला कुलूप, किल्ल्या दोघा भावांकडेच. धाकटा म्हणाला, "म्या तं पेटीले हातच नाही लावला." वा रे वा! बंधारा फोडणाऱ्याला मोटारीची एवढी काळजी?

दोघा भावांना ठाण्यात बोलावलं, थोरल्याला समोर बसवलं. चहा दिला, आवाज चढवला नाही. "फ्यूज कायले काढले?"

"मोटारीत अर्धा हिस्सा माहा हाये," तो बोलून गेला, आणि मग सगळंच ओकला. "त्याची हळद पाहाले लोकं गाड्या थांबवतात साहेब. माह्या वावराकडं कोनी ढुंकून पाहात नाही. एकाच बापाची जमीन!"

धाकट्याला रडू फुटलं. "दादा, तुह्या हरभऱ्याचंबी पाणी गेलं ना!"

"जाऊ दे."

"आणि त्या पोराचं नाव काहून घेतलं?" मी विचारलं.

"त्याले नोकरी लागून राह्यली होती. माह्या पोराले नाही लागली."

गुन्हा थोरल्यावर दाखल झाला, तरुणाची पडताळणी निर्विघ्न पार पडली. चोर, दरोडेखोर मी पुष्कळ हाताळले. त्यांना काहीतरी हवं असायचं. या माणसाला स्वतःसाठी काहीच नको होतं. दुसऱ्याला मिळू नये, एवढ्यासाठी त्याने स्वतःचंही पाणी सोडून दिलं. अशा माणसाला कशाची भीती घालायची, ते मला अजून कळलेलं नाही.