तिकीट न लागणारी ठिकाणे

काचबिंदूने पत्नीची दृष्टी कडेकडेने आत आक्रसत चालली होती. मधोमध जे उरले आहे तेही टिकणार नाही, असे पुण्याच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मुलाला कळवले, तेव्हा त्याने आम्हा दोघांना परदेशी, पुंगोलच्या आपल्या फ्लॅटवर बोलावून घेतले. दिसते आहे तोवर तिला काही दाखवावे, एवढाच हेतू.

मुलाने मत्स्यालय सुचवले, मोठा आकाशपाळणा सुचवला. तिने सगळ्याला नकार दिला. अर्धवट दिसणारीला तिकीट काढून काय दाखवणार, असे ती म्हणाली आणि विषय संपला. मग तिकीट न लागणारी ठिकाणे मी शोधू लागलो. या शहरात ती पुष्कळ आहेत. घरामागची पाण्याकाठची वाट, धरणावरच्या इमारतीच्या छतावरची हिरवळ, खाडीकाठी संध्याकाळी होणारा दिव्यांचा खेळ. सून पाया लेबारला ऑफिसात आणि नात शाळेत गेली की आम्ही एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघत असू. मी पुढे, ती माझ्या शर्टाची बाही धरून मागे. प्रत्येक ठिकाणी मी एकच विचारी, दिसतंय का. दिसतंय की, असे ती म्हणे. त्या उत्तरावर माझा दिवस निभे.

दिव्यांच्या खेळाला नात सोबत होती. पाण्याच्या फवाऱ्यांवर रंग पालटत होते.

"आजी, नाऊ ब्लू लाह," नात इथल्या इंग्रजीत म्हणाली.

"निळा सुरेख आहे," पत्नी म्हणाली.

घरी आल्यावर मी मुलाला सांगितले की नजर अजून बरी आहे. दुसऱ्या दिवशी सुनेने जेवणात शिरा केला.

पुढच्या आठवड्यात आम्ही वनस्पती उद्यानात गेलो. तिथे ऑर्किडच्या भागाला तिकीट आहे. तो टाळून वाळवंटी झाडांकडे वळलो. सदा ओल्या असणाऱ्या या शहरात तेवढा एक तुकडा खडी आणि वाळू टाकून मुद्दाम कोरडा राखला आहे. निवडुंग आहेत, असे मी म्हणालो. गावाकडच्या कुंपणांची तिला आठवण होईल, अशी माझी अपेक्षा होती. ती बाही धरून तशीच पुढे चालत राहिली. आभाळ खाली आले होते आणि हवा हलत नव्हती. आम्ही चाफ्याखालच्या बाकावर बसलो.

वरून एक फूल सुटले आणि तिच्या मांडीवर पडले. तिने ते चाचपून उचलले, नाकाशी नेले आणि हुंगले.

वास घेतलेले फूल देवाला चालत नाही, हा तिचा नेम. कॉरिडॉरमधल्या कुंडीतला मोगरा हुंगला म्हणून तिने नातीलाही नुकतेच दटावले होते. त्यातून जमिनीला न टेकता ओच्यात आलेले फूल म्हणजे तिच्या लेखी देवानेच मागून घेतलेले. ते तिने उष्टे केले होते.

"हे काय केलंस?" मी विचारले.

"कुठलं आहे ते कळेना."

तळहाताएवढे पांढरे फूल तिच्या डोळ्यांसमोर होते.

"कधीपासून?"

"त्या दिव्यांच्या आधीपासून."

निळा रंग कसा कळला, हे विचारण्याची गरज उरली नाही. मग तिने हळूहळू सांगितले. मी रोज सकाळी उठून नवे ठिकाण शोधतो, कुठल्या स्टेशनला उतरायचे ते मुलाला विचारतो, हे तिला कळत होते. आपण खरे बोललो तर ते सारे थांबेल आणि हा माणूस खिडकीशी बसून राहील, अशी तिला धास्ती वाटत होती.

घरी जाऊ म्हणून मी उठलो. तिने बाही ओढली.

"बसा हो. आलोच आहोत तर समोर काय आहे ते सांगा तरी. नुसतं दिसतंय का, दिसतंय का, करत असता."

"निवडुंग आहे."

"ते मघाशी सांगितलंत. कसा आहे?"

माझ्या डोक्याच्या वर गेलेला आहे, असे मी म्हणालो. अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या रांगा आणि कंगोऱ्यांवर पिवळट काटे. एका अंगाने तो वाळत चालला होता. तेही सांगितले.

"बरं," ती म्हणाली. "त्याच्या शेजारचा?"